धान्यात पाय, मुकी घंटा: दुर्गीला घेऊन फुलसावंगी

मंगळवारी फुलसावंगीहून एसटीच्या पार्सलनं आलेलं सामान असं: घरची तूरडाळ पाच किलो, तिळाचे लाडू एक डबा, वाळलेली बोरं एक पिशवी, हातानं शिवलेली वाकळ एक. किंमत काही नाही, कारण मामेबहिणीचं घर. स्टँडवरून घरापर्यंत ऑटोवाल्यानं चाळीस मागितले, तीसवर आणला. सोबत वहीचा अर्धा कागद होता. "डाळ पाठवली. आता पोट्टीले घेऊन ये. नाही आली तं पुढच्या वर्षी डाळ बंद. शोभा."

म्हणून निघालो. दोघीच, मी आणि माझी अकरा वर्षांची दुर्गी.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी बाभुळगावची, शिक्षण मॅट्रिक, काम घरचं. दुर्गीला ऑटिझम आहे. यवतमाळच्या थेरपी केंद्राबाहेर बाकावर आम्ही आया बसतो, त्यातल्याच एकीनं मला हा ब्लॉग काढून दिला. बाकावर नेहमी विचारणा होते, की असं लेकरू घेऊन एसटीनं मुक्कामाला जाता येतं का? येतं, बायांनो. पण तिथं काय काय पाहावं लागेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा जीव अजून ठिकाणावर आलेला नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवते. आम्ही निघालो तोवर अकरा वर्षांत दुर्गी माझ्याशिवाय एकदाही झोपलेली नव्हती. झोपताना तिला माझा पदर मुठीत लागतो. बाकावरच्या प्रत्येकीच्या पोटात जी भीती असते तीच माझ्याही पोटात आहे. मी गेल्यावर हिचं कोण?

रस्ता असा. बाभुळगावहून सकाळच्या गाडीनं यवतमाळ, तिथून उमरखेडची गाडी धरायची आणि महागावला उतरायचं. बायांना अर्धं तिकीट, लहानांना अर्धं. ड्रायव्हरमागच्या तिसऱ्या ओळीत बसा, मागं गाडी फार आपटते. पोराची रोजची ताटली आणि पेला सोबत ठेवा. लाडूबिडू राहिले तरी चालतील, ताटली राहिली तर प्रवास संपला.

आर्णीपर्यंत दुर्गी गप्प होती. तिथं शेजारून ट्रकनं हॉर्न दिला आणि तिनं कान दाबून जे ओरडायला सुरुवात केली ते पंधरा मिनिटं थांबली नाही. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "बाई, पोरीले बाहेरचं लागलं हाय. कोणाले दाखोलं का नाई?"

मी नेहमीसारखी हात जोडून "माफ करा, माफ करा" म्हणत राहिले. अकरा वर्षांत देवापुढं जोडले नसतील इतके हात मी एसटीत जोडले आहेत.

महागावहून शेअर ऑटो मिळतो. दहा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून मी दोन सीटचे पैसे जास्त देऊन कडेची जागा घेतली. मला ओळखणाऱ्यांना हा पहिला धक्का वाटेल. पण खरा धक्का पुढं होता.

शोभाताईच्या ओसरीवर नव्या तुरीचा ढीग पडला होता, कमरेएवढा. मी पाय धुवायला वळले तेवढ्यात दुर्गीनं चपला काढल्या आणि सरळ ढिगात शिरली. आधी गुडघे, मग मांड्या. मग बसलीच, आणि दोन्ही हातांनी तूर अंगावर ओढून घ्यायला लागली.

धान्याला पाय! आमच्या घरी दाणा पायाखाली आला तर उचलून कपाळाला लावतात. मी धावले, "दुर्गे, ऊठ! पाप लागतं!"

"काहून उठवतं व तिले?" शोभाताई पदराला हात पुसत आली. पंचावन्नची बाई, केस निम्मे पांढरे. "बसू दे. विकाच्या आधी चाळाचीच हाय."

"ताई, लक्ष्मी आहे ती!"

"असू दे न. लक्ष्मीले गुदगुल्या झाल्या तं सांगन ते." एवढं बोलून ही बाई दुर्गीशेजारी स्वतः ढिगात बसली. दुर्गीनं तिच्याकडं पाहिलं आणि एक ओंजळ तूर तिच्या मांडीवर ओतली. परक्या माणसाला माझ्या मुलीनं काही दिल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता शोभाताईचा नंदू. वय एकोणीस, त्यालाही ऑटिझम. तो आतून आला आणि नमस्कार न करता मला म्हणाला, "तुमच्या घरी पंखे किती?"

"तीन," मी म्हटलं.

"खरं सांगजो," शोभाताई ढिगातून ओरडली, "नाही तं मोजाले येते तो. सरपंचाकडे गेलता. सरपंचानं सात सांगितले, सहा निघाले. मतदानात पडला नसता एवढा पडला बिचारा."

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, खाटेवर हसत होते. नंदूही हसत होता. मुलाच्या आजारावर आईबाप हसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मनात रामनाम घेतलं.

जेवायला भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. नंदूचं ताट नाही. ताटाऐवजी डब्यांची तीन झाकणं होती, कारण भाजी भाकरीला लागली की तो उठून जातो. "भांडे घासाले एक ताट कमी, तीन झाकणं जास्त. तोट्यात हाय मी," शोभाताई म्हणाली.

दुर्गीनं एक घास खाल्ला आणि स्पष्ट सांगितलं, "भाजी घाण आहे."

जमीन फाटली असती तर मी आत गेले असते. पण शोभाताईनं भाजी चाखली आणि भाऊजींकडं वळली. "काहो, करपली हाय न?"

"थोडीशी."

"मंग बोलले काहून नाई?"

"तीस वर्षं झाले, नाई बोललो," भाऊजी म्हणाले. "आता काय बोलाचं?"

ती दुर्गीला गूळ-भाकरी देत म्हणाली, "ह्या घरात खरं बोलणारे दोनच जणं. बाकीचे आपण पाहुणे."

संध्याकाळी आरती. आमच्याकडं नियम असा, की दुर्गीनं हात जोडून आरती संपेपर्यंत उभं राहायचं. घंटा वाजली की ती रडते, मी तिचे हात धरून ठेवते, आमचे हे म्हणतात आवाज कमी कर, मी म्हणते देवाचं काम आहे. इथं पाहते तर घंटेच्या लोलकाला कापसाचा बोळा बांधलेला! हलवली तर नुसती ठप ठप.

"ताई, मुकी घंटा देवाला चालते?"

"बारा वर्षं झाले, तक्रार आली नाई," ती म्हणाली आणि आरती सुरू केली. नंदू देवाकडं पाठ करून पंख्याकडं पाहत टाळ्या देत होता. दुर्गी दारात बसली होती, कानावर हात नव्हते. आरती संपेपर्यंत बसली. मी घरी इतकी वर्षं नेमकं काय करत होते, हा विचार आला, तो मी कापूर विझेपर्यंत बाजूला ठेवला. विचार काही विझला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वाती वळत बसलो. मी विचारलंच, "ताई, तुला हसू तरी कसं येतं?"

"माह्या अंगात नव्हतं ते," तिनं कापूस मांडीवर पसरला. "तू जे करून राह्यली ते सगळं मी केलं. उपास केले, गंडेदोरे केले. एकदा तं आरतीत उभा राहत नाई म्हणून लाकडानं मारलं मी त्याले. देवापुढं. मंग तो आठ महिने देवघरात आला नाई. तवा बोळा बांधला." तिची वात तुटली. तिनं दुसरी घेतली. "हसणं मंग आलं. रडून राह्यली असती तं त्याले समजलं नसतं, अन् मले जमलं नसतं."

"आणि आपल्यामागं?"

इथं ती हसली नाही. "त्याची भीती मलेही हाय, सुमन. म्हणून महिन्यातून दोन दिवस त्याले नणंदेकडे धाडतो. पहिल्यांदा त्यानं तिचं दार तोडलं. आता तिच्या घरचे पंखे पुसून देते. मी मराची वाट कायले पाहू? आताच शिकून घेऊ दे न."

ओसरीवर दुर्गी तुरीतच झोपली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. मुठीत पदर नव्हता, तूर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. शोभाताईनं हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. पिशवी उचलली तेव्हा दारात, आपल्याकडं सगळेच म्हणतात तसं, तीही म्हणाली, "राहा न व आठ दिवस. काय घाई हाय?"

मीही म्हणायचं ते म्हटलं, "येऊ ना पुन्हा."

दुर्गीनं चपला काढल्या. माझ्या हातातली पिशवी ओढली, आपली ताटली काढून स्वयंपाकघरात नंदूच्या झाकणांशेजारी ठेवली, फ्रॉक खुंटीला लावला. मग चुलीजवळच्या कोळशानं भिंतीवर आठ रेघा ओढल्या. "आठ दिवस," ती म्हणाली.

"अगं, तसं म्हणायचं असतं नुसतं! चल, गाडी जाईल."

"आठ."

मी हात धरला, तिनं सोडवला. पुन्हा धरला, ती जमिनीवर बसली. मी शोभाताईकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्या बाईच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "मी तं रिवाजानं म्हटलं व माय," ती हळूच म्हणाली. मग ती खाली वाकून दुर्गीला म्हणाली, "खरंच राह्यतं?"

"हो."

"आई जाईन."

"आई जा."

शोभाताई उठली. "म्हटलं तं म्हटलं. ह्या पोट्टीपुढं मी खोटी पडत नाई. जा तू."

"ताई, डोकं फिरलं का तुझं? रात्री उठली तर? पदर..."

"दोन लुगडे हाय माह्यापाशी." मग तिनं माझा दंड धरला, जोरात. "सुमन, आपण मेल्यावर जे कराचं हाय, ते ती तुह्या जितेपणी करून पाह्यते म्हणते. अन् तूच आडवी येतं?"

मी पिशवीतून दुर्गीचे बाकीचे कपडे काढून ताईच्या हातात दिले.

तिनं एकच अट घातली, फोन करायचा नाही. दुर्गीला फोनवरचा आवाज कळत नाही. माझा आवाज आला की ती मला कपाटात, खाटेखाली शोधते आणि मग दिवसभर शोधतच राहते. काही बरंवाईट झालं तर भाऊजी शेतातून फोन करतील. फोन आला नाही म्हणजे ठीक समजायचं.

मी निघाले तेव्हा ती तुरीत होती. मी हाक मारली. तिनं पाहिलं नाही.

महागावहून यवतमाळच्या गाडीत कंडक्टर आला. मी पैसे पुढं केले. "एक महिला, एक लहान."

"लहान कुठी हाय?" त्यानं सीटखाली पाहिलं.

"राहिलं," मी म्हटलं आणि एवढ्या लोकांत हुंदका आला. हॉर्न वाजले, पुढं लेकरं रडली, कोणी वळून पाहिलं नाही. मला कोणाची माफी मागायची नव्हती. हात मांडीवर नुसते पडून होते. एवढे रिकामे हात घेऊन मी कधी बसले नव्हते.

घरी यांनी दार उघडलं, माझ्यामागं पाहिलं, मग गल्लीत पाहिलं. "दुर्गी?"

"शोभाताईकडं ठेवली. आठ दिवस."

हे खाली बसले. "तुझी तब्येत ठीक हाय न?" मग म्हणाले, "रडली?"

"नाही."

"बिलकूल नाई?" त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, मला कळलं नाही. मला माझंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून कुकर काढला. शिट्टीला दुर्गी घाबरते म्हणून सहा वर्षं आमच्याकडं डाळ पातेल्यात शिजते, गॅस दुप्पट जातो. पहिली शिट्टी झाली आणि आम्ही दोघंही जुन्या सवयीनं दुर्गीच्या, आतल्या खोलीचं दार लावायला धावलो. दारातच एकमेकांवर आपटलो. आत खाट रिकामी. हे हसायला लागले. मग मीही. आपल्या लेकीवरून आम्ही दोघं एकत्र हसलो, असं त्या घरात पहिल्यांदा झालं. हसता हसता हे खाटेवर बसले आणि तिची उशी त्यांनी मांडीवर घेतली. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, गॅस बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

बाकावरच्या बायांनो, तुम्ही विचाराल की ठेवावं का असं. मी सांगू शकत नाही. रस्ता सांगितला, तिकीट सांगितलं, ताटलीचं सांगितलं. यापुढचं मलाच माहीत नाही. एवढं मात्र केलं, की आरतीच्या घंटेला बोळा बांधला. सासूबाईंचा फोटो माझ्याकडं पाहत होता, पाहू दे.

आज पोस्टात जाऊन शोभाताईला कार्ड टाकलं आणि उत्तरासाठी आमचा पत्ता घातलेलं दुसरं कोरं कार्ड पाकिटातून वेगळं पाठवलं. कार्डावर जे लिहिलं तेच इथं लिहिते:

ताई, फोन करत नाही, शब्द पाळते. भाऊजींचा फोन नाही, म्हणजे ठीक असेल. पण ठीक म्हणजे काय ते सविस्तर लिही. गूळ-भाकरीशिवाय काही खाते का? केस कोणाकडून विंचरून घेते? लुगड्याचा पदर लागतो की नाही? भिंतीवरच्या किती रेघा पुसल्या? आणि माझ्याबद्दल विचारते का, ते लिही. विचारत नसेल तर तसंच लिही, माझ्यासाठी गोड करू नको. उलट टपाली कळव.