आबांच्या ताटातली ढेप

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. कुणी काढला देव जाणे. ज्यानं काढला त्याला लेक नसणार. माझी कूस उजवायला बरीच वर्षं गेली. तेवढी वर्षं माझे वडील, आबा, शिंदखेड्याहून माझ्या सासरी, यावलला यायचे, ओट्यावर बसायचे, ख्यालीखुशाली विचारायचे आणि पानं वाढायची वेळ झाली की ‘बजारमा जरा काम शे’ म्हणून उठायचे. काम कसलं डोंबलाचं! गावाबाहेर चिंचेखाली बसून घरून बांधून आणलेली भाकरी खायचे. इकडे माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

त्यांच्या पहिल्या जेवणाचा बेत मी मनात कधीचाच करून ठेवला होता. खापरावरचे मांडे, आमरस आणि वर तुपाची धार. आमच्या सासूबाई पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करायच्या, कुठे फाटायचा नाही. मला तो कधी तसा जमला नाही, आणि हे ऐकवल्याशिवाय त्यांचा सण साजरा होत नसे.

शेवटी दिवस राहिले. बाळंतपणाला माहेरी गेले तर तिथे वेगळंच. आबांच्या पायात काटा रुतला होता आणि जखम काही केल्या भरत नव्हती. धाकट्या भावानं त्यांना धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. लघवीत साखर निघाली. त्यावर सुई असते म्हणे, पण ती बर्फात ठेवावी लागते, आणि आमच्याकडे बर्फ कुणी पाहिलेला? डॉक्टरांनी ज्वारी, बाजरी, गहू, भात, बटाटे, केळी, गूळ, साखर सगळं बंद केलं. पथ्य मोडलं तर पाय जाईल, असं स्पष्ट सांगितलं.

‘मग खायचं काय, माती?’ मी भावाला विचारलं.

‘ढेप, अक्का,’ तो खाली मान घालून म्हणाला. ढेप म्हणजे पेंड, शेंगदाण्याचं तेल गाळल्यावर घाण्यात उरतो तो चोथा. तो आम्ही बैलांना घालायचो. मला असा संताप आला की त्या डॉक्टरलाच गोठ्यात बांधावा.

पण बाप माझा होता. मुलगी झाली, बारसं झालं, आणि हात मोकळे होताच मी त्या ढेपेच्या मागे लागले. ताजी ढेप दळून पीठ केलं, तर भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुकडे तुकडे. गरम पाणी घातलं, ताक घातलं, चार शिव्याही घातल्या. मग आईनं जवस भाजून कुटून घालायला सांगितलं, तेव्हा कुठे पीठ चिकटून आलं. ओल्या फडक्यावर थापून तव्यात उलथली की भाकरी अख्खी राहायची. लोण्याबरोबर बरी लागायची, खोटं कशाला बोलू?

साखरेऐवजी डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोड गोळ्या दिल्या होत्या, वाटीला एक पुरे, जास्त झाल्या की कडू. मी आपल्या साखर घालावी तशा मूठभर दुधात टाकल्या. ते दूध कडू जहर झालं. आबांनी वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. ‘झकास शे,’ म्हणाले. मी वाटीचं बूड चाटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. लेकीनं वाढलेल्याला हा माणूस नाही म्हणणार नाही, हे तेव्हा मला कळलं, आणि भीती वाटली.

आंब्याच्या दिवसांत आबा मला नि पोरीला यावलला पोचवायला आले. पाय फडक्यात गुंडाळलेला. आता ते जेवणार होते. मी सासूबाईंना पथ्य सांगितलं, ढेपेचं पीठ दाखवलं. त्या उसळल्याच.

‘पयल्या जेवनाले व्याह्याले ढेप वाढू? लोकं तोंडात शेन घालतीन! एका मांड्यानं काही होत नाही.’

तरी मी ढेपेच्या भाकरी थापून झाकून ठेवल्याच. ओसरीवर सासरे, आमचे हे आणि आबा पाटावर बसले. सासूबाईंनी आबांच्या ताटात मांडा वाढला, शेजारी रसाची वाटी ठेवली, तूप सोडलं. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि मुकाट्यानं मांडा मोडला.

मला काय झालं कोण जाणे. सासऱ्यांसमोर कधी दारातून पुढे न आलेली मी, तरातरा गेले आणि आबांचं मनगट धरलं.

‘आबा, ठेवा ते खाली!’

माझा आवाज ऐकून मीच दचकले. मांडा उचलला, रस उचलला, आणि ढेपेची भाकरी, वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा वाढला. सासऱ्यांनी घसा खाकरला. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की आता मेले म्हटलं.

‘अवं, भरतावर कच्चं तेल तं घाल,’ त्या म्हणाल्या. ‘व्याह्याले कोरडं वाढतात का?’

आबांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. माझा जीव थोडा थोडा झाला. व्याह्यांपुढे बैलाचं खाणं वाढून मी बापाची लाज काढली, असंच मला वाटलं.

‘काय झालं आबा? लागलं का मनाला?’

‘नही वं माय,’ ते म्हणाले. ‘आजलगून वाटे, मनी पोर परका घरमा दबीसन राहत व्हई. आज तू सासू-सासरासमोर मना हात धरा. हाई घर तुनंच शे.’

मग त्यांनी डोळे पुसले, ताट पुढे सरकवलं आणि अजून एक भाकरी मागितली. मी ती रडत रडतच वाढली.