ब्रांकोची शेवटची मॅच आणि माझं कुवेत

कुवेतला फिरायला कोण जातं, असं मला सगळ्यांनीच विचारलं. जायचंच तर दुबईला जा म्हणाले. पण माझी धाकटी बहीण मंजू कुवेतमध्ये नर्स आहे, तिचा नवरा प्रसाद फिजिओथेरपिस्ट, आणि प्रसादला माझं फुटबॉलचं वेड ठाऊक आहे. मी कोल्हापुरात शाळेत खेळाची शिक्षिका, मुलींची फुटबॉल टीम सांभाळते.

“ताई, इथे एका क्लबच्या जुन्या खेळाडूंची मॅच आहे,” तो फोनवर म्हणाला. “माझा एक पेशंट खेळणार म्हणतोय. सर्बियाचा आहे, मिडफिल्डर होता. मी त्याला नको म्हणतोय, तो ऐकत नाही.”

नाताळच्या सुट्टीला थोडी रजा जोडली आणि निघाले. व्हिसाचं काम प्रसादने तिकडूनच केलं. मुंबईहून विमान साधारण चार तासांत पोचतं. जाणार असाल तर याच दिवसांत जा आणि स्वेटर घ्या. वाळवंट म्हणजे उकाडाच, असं समजून मी फक्त सुती कपडे नेले होते आणि पहिल्या संध्याकाळीच मंजूचं जॅकेट अंगात घातलं.

ते दोघे शहराबाहेर महबूला भागात राहतात. समुद्राजवळ उंच उंच इमारती, खाली बकाला म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, शेजारी केरळी हॉटेल. लिफ्टमध्ये हिंदी, दुकानात अर्धी अरबी, घरात शिरलं की शुद्ध कोल्हापुरी. मंजू म्हणाली, “आठवडाभर हिंदी बोलून जबडा दुखायलाय, आता तू आलीस, बोल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात मुबारकिया बाजार बघितला. खजूर, मसाले, अत्तराच्या बाटल्या; दुपारी तिथेच भट्टीतली गरम रोटी आणि भाजलेला मासा. एक दिनार तीनशे रुपयांच्या आसपास जातो, म्हणून पहिले दोन दिवस मी प्रत्येक गोष्टीचा मनात गुणाकार करत होते. मंजूने तो बंद करायला लावला, नाहीतर मी उपाशीच परतले असते.

संध्याकाळी प्रसादचा तो पेशंट, ब्रांको, जेवायला आला. सोबत बायको आणि दहा-बारा वर्षांची मुलगी येलेना. बायकोचं नाव मीरा. मला वाटलं थट्टा चाललीये, पण हे नाव त्यांच्याकडेही असतं. ब्रांको उंच, खांदे रुंद, पण जिना चढताना कठडा धरून, एक पाय आधी आणि दुसरा त्याच पायरीवर ओढून घेत आला. लिफ्ट नेमकी बंद पडली होती.

त्याचं इंग्रजी तोडकं, माझंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं. त्याच्या गावात साखर कारखाना होता, वडील तिथे कामाला. मी म्हटलं, आमच्याकडेही कारखाने. मग त्याला ऊस समजावून सांगितला, त्याने मला बीट. कारखान्यामागच्या मैदानावर तो खेळायला शिकला. पुढे राजधानीतल्या मोठ्या क्लबने नेलं आणि बरेच दिवस बाकावर बसवलं. एकदा राष्ट्रीय संघातही निवड झाली.

“किती खेळलात?” मी विचारलं.

“वॉर्म-अप केला,” तो म्हणाला. “चांगला केला.” मग हसला. आम्ही कुणीच हसलो नाही.

नंतर सायप्रस, मग एका सीझनपुरतं कुवेत. इथल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, म्हणून तो राहिला. एका सामन्यात गुडघा गेला. स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, त्यानंतर तो खेळलाच नाही. आता लहान मुलांना शिकवतो. डॉक्टर गुडघा बदलायला सांगतायत, आणि दोन वर्षं तो टाळतोय.

“बदलला की खेळणं कायमचं बंद,” मीरा म्हणाली. “आत्ता जणू चालूच आहे.”

ब्रांकोने पांढऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा पुढे केली. “मला स्ट्रेचरवरून संपायचं नाही,” एवढंच तो म्हणाला. प्रसादने त्याला खूप समजावलं: पाय वळला तर ऑपरेशनही अवघड होईल. शेवटी दोघांत ठरलं, पंधरा मिनिटं, आणि प्रसादने हात वर केला की बाहेर.

शुक्रवार इथला सुट्टीचा दिवस. दुपारची नमाज झाल्यावर आम्ही गाडीने मैदानावर गेलो. प्रवेश मोफत, प्रेक्षक बेताचे. पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातले, काही म्हातारे थर्मासमधून चहा ओतत बसले होते. ब्रांको आत आला तसे ते उभे राहिले आणि त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. येलेना फोन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. तिने वडिलांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं.

तो जवळजवळ धावलाच नाही. मध्यभागी उभा राहायचा, बॉल यायच्या आधी मान वळवून बघायचा, एका स्पर्शात पुढे द्यायचा. मग त्याने डावीकडे एक लांब पास टाकला. मी आयुष्यभर मुलींना सांगत आलेय की बॉल माणसाकडे नाही, माणूस जिथे पोचणार तिथे टाकायचा. तो पास तसा पडला. गोल झाला नाही, पुढच्याने वर मारला.

थोड्या वेळाने एका वळणावर ब्रांको थांबला. प्रसाद खुर्चीतून उठला, मीराने माझं मनगट धरलं. पण ब्रांको पडला नाही. त्याने रेफरीकडे बघून स्वतःच हात वर केला, सगळ्यांशी हस्तांदोलन केलं आणि लंगडत, सावकाश रेषेपर्यंत चालत आला. पंधरा मिनिटं झालीही नव्हती. म्हातारे पुन्हा उभे राहिले.

“तू तर फार पळालाच नाहीस,” येलेना त्याला इंग्रजीत म्हणाली.

“मी कधीच फार पळायचो नाही,” तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून बसला. मग रडला. मीराने त्याच्या गुडघ्यावर बर्फ धरला आणि मुद्दाम समुद्राच्या दिशेला बघत राहिली.

कुवेतमध्ये मी नंतर समुद्राकाठचे ते प्रसिद्ध टॉवर बघितले, हवल्लीच्या बाजारात स्वस्त बुटांची खरेदी केली, समुद्रावर सूर्यास्त बघितला. आठवडा पुरतो, बहीण असेल तर अपुरा पडतो. पण घरी आल्यावर कुणी विचारलं की मी ब्रांकोबद्दलच बोलते. माणसाला आवडीचं काम सोडावं लागतं तेव्हा ते कसं सोडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझीही निवृत्ती फार लांब नाही.

मागच्या आठवड्यात प्रसादचा फोन आला. ब्रांकोचं ऑपरेशन नीट झालं.

“शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला?” मी विचारलं.

“पोरांची प्रॅक्टिस कोण घेतंय विचारलं. मी म्हटलं, बदली कोच आलाय. तर म्हणाला, त्याला सांग, सारखा ओरडू नकोस, पोरांना आधी मान वळवून बघू दे.”