टेकडीवरचा खजूर

बोर्दिगेरात ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चला लागणाऱ्या पांढऱ्या झावळ्या एर्सीलिया विणायची, आणि आपल्या तोडीचं गावात कोणी नाही हे सांगायलाही तीच पुढे असायची. खजुराचा शेंडा करकचून बांधला की आतली पानं उजेडाविना पांढरी राहतात. पण एकदा बांधलेलं झाड पुढची काही वर्षं मोकळं सोडायचं, नाहीतर ते मरतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

तिने सोडलं नाही. यंदा बिशप येणार होते आणि जुन्या बागेतल्या टेकडीवरच्या खजुराइतकी लांब पानं कुठेच नव्हती. माळी ओरेस्ते हिवाळाभर तुरीनला लेकीकडे होता. बागेची किल्ली विश्वासाने एर्सीलियाकडे देऊन गेला होता. लागोपाठ दुसऱ्या वर्षी तिने तेच झाड बांधलं. बिशपांनी कौतुक केलं तेव्हा बाई फुलून गेली. पानं सानरेमोहून आणली, असं तिने ओरेस्तेला बिनदिक्कत सांगितलं.

उन्हाळ्यात खजुराचा शेंडा मान टाकून बसला.

आज ती बागेत आली. केवड्याएवढ्या पात्यांच्या घायपातापाशी पर्यटक फोटो काढत होते. ओरेस्ते ऑलिव्हखाली बाकावर बसला होता.

"ये बाई. काम सोडतोय. उद्या बागेच्या ऑफिसात किल्ली परत करतोय."

"का रे? कंटाळलास?"

"मी मारलं गं त्याला. जाताना ताजं शेणखत घातलं, मुळं जळली. माझ्या आज्याने जपलेलं झाड! कुठल्या तोंडाने राहू इथे?"

आता बोलली नाही तर हा माणूस उगाच घरी बसेल.

"ओरेस्ते, मी बांधलं होतं ते. यंदाही. दोरी माझ्या घरी आहे."

तो हसला. "तुझ्या घरी दोऱ्यांशिवाय आहे काय? बिशपांच्या झावळ्या सानरेमोच्या होत्या, तूच म्हणालीस."

"खोटं बोलले मी."

"खोटं तर आत्ता बोलतेयस, माझं मन राखायला." त्याचे डोळे भरून आले. "साऱ्या गावात माझा दोष स्वतःवर घेणारी तू एकटी निघालीस."

पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. शपथ घेऊन, ओरडून, ऑफिसात जाऊन. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज या गोष्टीची, की त्याचं ते कौतुक तिला गोड लागत होतं.

ओरेस्तेने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.