१.७९

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि आता सांगताना लाजेपेक्षा संताप जास्त येतोय. कोणाचा? माझाच, दुसऱ्या कोणाचा!

मी सपाटीवरच्या ब्राह्मणपुरी गावचा, खात्यापित्या शेतकरी घरातला. सातपुड्यातल्या धडगावला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, पोरं त्या पाठ करतात, आणि मला त्याचा कोण अभिमान! वायूची घनता विचारली की रेणुवस्तुमान भागिले २२.४ — डोळे मिटून. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

एके दिवशी अकरावीच्या वर्गात फळ्यावर गणित होतं — सत्तावीस अंश तापमान, एक वातावरण दाब, कार्बन डायऑक्साइडची घनता काढा. नोट्समध्ये उत्तर १.९६. तोरणमाळकडच्या पावरा आदिवासी पाड्यातली रमिला पुढे आली आणि तिने काढलं १.७९. खडू ठेवताना हळूच म्हणाली, "सर, २२.४ शून्य अंशाला ना? इथं सत्तावीस दिलंय."

बरोबर होतं तिचं. वायू तापला की फुगतो, घनता कमी होते — इतकं साधं! आणि मला ते तिथल्या तिथे कळलं होतं. नुसता चुकलो असतो तर हे लिहायला कशाला बसलो असतो?

मी डस्टर उचललं. तिचं उत्तर पुसलं, १.९६ लिहिलं आणि म्हणालो, घरी पावरी बोली बोलायची आणि इथे मला शिकवायचं? आधी मराठीतला प्रश्न वाचायला शीक. वर्ग हसला. ती पोर खाली बघत जागेवर गेली.

स्टाफरूममध्ये मी ते विनोद म्हणून सांगितलं. एक सहकारी अहिराणीत म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, पहाडनी पोर शे ती, तिले काय समजस?" मी हसलो. चहासुद्धा प्यायलो — घशाखाली उतरला कसा?

पुढे द्रावणाच्या संहतीची गणितं आली. रमिलाची वही कोरी. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे मला माहीत होतं. वर्ष संपलं आणि तिने सायन्स सोडून आर्ट्स घेतलं.

त्याच उन्हाळ्यात मी नोट्स दुरुस्त केल्या. गुपचूप. पान तेरा, उत्तर १.७९. तेव्हापासून दरवर्षी मुलांना ठणकावतो — तापमान बघा, आंधळेपणाने भागू नका!

गेल्या जूनमध्ये रमिला कॉलेजात आली, धाकट्या बहिणीला सायन्सला घालायला. माझ्या टेबलासमोर उभी राहून बहिणीला म्हणाली, "सर सांगतील तसंच करायचं. मी शहाणपणा केला, गणित चुकलं. मला जमलंच नाही."

मी मान डोलावली. ड्रॉवरमधून त्याच दुरुस्त केलेल्या नोट्स काढल्या आणि तिच्या बहिणीच्या हातात दिल्या.