अक्षता टाकून येतो

आमच्या मागच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती पेरूच्या बागेवर उघडायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून अप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच खोलीत पडून आहेत. संडास-बाथरूम फक्त तिथंच जोडून, त्यामुळे त्यांना पुढच्या हॉलमध्ये हलवायचा प्रश्नच नाही. आजारात वाचा गेली, ती परत आली तेव्हा पहिला शब्द आला ‘पोपट’. पेरू पिकले की पोपटांची धाड पडायची आणि अप्पा डावा हात उचलून मला ते दाखवायचे. मी एकुलती एक, बिनलग्नाची, त्यांच्यासाठी नोकरी सोडून घरी बसलेली. आमचं बोलणं तेवढंच उरलं होतं आणि मला ते पुरत होतं.

मग पेपरात नोटीस आली. बागेची जमीन शेती विभागातून वाणिज्य विभागात घ्यायची आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. बागवाल्याला तिथं लग्नाचं लॉन्स काढायचं होतं. म्हणजे अप्पांच्या उशाशी डीजे. मी तडक कुंपणापाशी जाऊन त्याला गाठलं.

तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमची कॉलनी बी आमच्या आज्याच्या बागेतच उभी हाय. तवा कुणी हरकत घेतली नाय.”

ते खरंच होतं, म्हणून मी जास्तच चिडले. घरी येऊन एका बैठकीत हरकतीचा अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी दारोदार फिरले. आमच्या गंगापूर रोडच्या माणसांचं एक बरं आहे, सहीला कुणी नाही म्हणत नाही. चहा झाला की सही होते. कॉलनीचे सेक्रेटरी तर सही करताना असे तापले की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. “सुनावणीला अख्खी कॉलनी नेऊ ताई, बस करू,” असं म्हणाले.

सुनावणीची तारीख आली. ती मी कॉलनीच्या मोबाइल ग्रुपवर कळवली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्या दिवशी दाट लग्नतिथ आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्या घरात तिथी बघायचं कारण कधीच संपलं होतं.

सकाळी गेटवर एकटे सेक्रेटरी. सूट, अत्तर, हातात आहेराचं पाकीट. माझ्याबरोबर नगररचना कार्यालयापर्यंत आले, बाकावर बसले, दोनदा घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “ताई, जवळच आहे. अक्षता टाकून लगेच येतो.” बाकीच्यांना मी फोन लावत बसले. प्रत्येक फोनमागे सनई वाजत होती आणि प्रत्येक जण अक्षता टाकून लगेच येणार होता.

आमचा पुकारा झाला. बागवाला म्हाताऱ्या आईसकट सगळं घर घेऊन आला होता. “सख्ख्या भाच्याचं लगीन सोडून आलोय साहेब,” असं त्याने सांगितलं. साहेबांनी आमचा अर्ज उलटसुलट बघितला.

“मॅडम, सह्या भरपूर आहेत. माणसं कुठे आहेत?”

“लग्नाला,” मी म्हटलं.

“कुठे?”

“लॉन्सवर.”

शेजारचा कारकून फिसकन हसला. साहेब हसले, आणि मेलं मलाही हसू आलं. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. माझं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण हरकत घेणारी माणसं एवढीच का, हे दोनदा विचारलं.

मंजुरी आली. झाडं पडली, पत्रे लागले, स्पीकरचा खांब आमच्या भिंतीला टेकून उभा राहिला. मी खिडकीला जाड पडदा लावला. अप्पा त्याच्याकडे हात करायचे, मी “ऊन येतं” म्हणायचे. घर विकावं तर आता ते घेणार कोण, आणि अप्पांना घेऊन जाणार कुठे?

पहिलं लग्न सेक्रेटरींच्या मुलीचं. कॉलनीला सवलत होती. “यायचंच ताई, भिंतीपलीकडे तर आहे!” माझ्या जिवाचा नुसता जळफळाट झाला. पण अप्पांना दवाखान्यात न्यायची वेळ आली की याच माणसाची गाडी दारात उभी राहते. नाही म्हणायची मला सोय नव्हती. गोरज मुहूर्ताला मी साडी नेसून गेले. पूर्वी पेरू होते तिथं हिरवा गालिचा होता. मंगलाष्टकं चालली होती, सगळे नवरानवरीकडे बघत होते आणि मी आमच्या खिडकीकडे. अक्षता मुठीतच राहिल्या.

तशीच घरी आले. अप्पा जागे होते. डावा हात पडद्याकडे. या वेळी मला खोटं सुचेना. मी पडदा सरकवला. दिव्यांच्या माळा, कारंजं, फोटो काढणारी माणसं. अप्पांनी ते सगळं बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, “पोपट?”

“येतील अप्पा,” मी म्हटलं, “अक्षता टाकून लगेच येतो म्हणालेत.”