बॅटरीतले निळे सेल

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पोटच्या पोरींजवळ नाही, देवासमोर हात जोडताना तर नाहीच — तिथे मी दुसरंच काहीतरी मागत असते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ बोलायला बरं पडतं. चौथीपर्यंत शिकले. हळू लिहिते, पण लिहिते ते सरळ लिहिते.

आधी त्या रेकॉर्डचं सांगते. ती मला आवडली नसती तर पुढचं काही झालंच नसतं.

माझं माहेर दहिवडीच्या बाजूचं, सासर तासगावजवळचं. सासरी द्राक्षाची बाग नवी धरली होती. घर मळ्यातच, गावापासून लांब. विहिरीवर मोटर होती, पण घरात लाईट नव्हती. धाकटा दीर सोपान मिलिटरीत होता. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी तो लग्नासाठी सुट्टीवर आला, तेव्हा एक रेकॉर्डचं मशीन घेऊन आला. सेलवर चालणारं, बॅगेएवढं. त्याच्या साहेबाची बदली झाली होती, साहेबाने सामान काढलं, ते ह्याने घेतलं. बरोबर सिनेमाच्या गाण्यांच्या दोन रेकॉर्डी, अभंगांची एक, आणि एक इंग्रजी.

"ही रं कशाला आणलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"म्या कुठं आणली? सायबानं फुकट दिली," सोपान म्हणाला. "त्यो सोता बी ऐकत नव्हता."

एकदा लावून पाहिली. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर बाबा, म्हशी पान्हा चोरत्याल." सगळे हसले. मीही हसले.

खरं सांगू? मला हसू आलं नव्हतं.

सोपानचं लग्न झालं, तो परत कामावर गेला. मशीन त्याच्या बायकोच्या खोलीत राहिलं. तिचं नाव मालन. सांगलीची, अकरावीपर्यंत शिकलेली. वडील हळदीच्या वखारीत कामाला. मी तिची थोरली जाऊ, ती मला आक्का म्हणायची. एक दिवस तिने घर बघायचं आणि मी बागेत जायचं, दुसऱ्या दिवशी उलट — असं सासूबाईंनी लावून दिलं होतं. तिच्या दिवशी ती काम उरकून सिनेमाची गाणी लावायची. सगळ्यांना माहीत होतं. सोपानने कॅन्टीनमधून आणलेले सेल ती मधून मधून तुळशीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची, म्हणजे ते थोडे आणखी चालायचे. सासूबाई जाता-येता बोलायच्या, "आमच्याकडं पापड वाळत्यात, शिकलेलीचं सेल वाळत्यात."

आणि माझ्या दिवशी मी काय करायची? मी ती इंग्रजी लावायची.

कोणाला पटेल? मला जात्यावरच्या ओव्या येत नव्हत्या. भजनाला बसले तर झोप यायची. घरात म्हणायचे, थोरलीला गाणं आणि मोटरीचा आवाज सारखाच. ते खोटं नव्हतं. आमच्याकडची बाईमाणसांची गाणी मला कधी रुचली नाहीत. सगळ्यांत कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं, नाहीतर सोसतं. सोसायचं ते सोसतेच आहे, वर त्याला चाल कशाला लावायची?

ह्या रेकॉर्डमध्ये कोणी कोणाची मनधरणी करत नव्हतं, एवढं मला शब्द न कळता कळलं. गाणारा घोगरा होता. आमच्या माहेरच्या माण तालुक्यात मेंढरामागचा माणूस एका टेकावरून दुसऱ्या टेकावरच्याला हाक मारतो ना, तसा. गोड लागावं म्हणून हाक मारत नाहीत, पोचावी म्हणून मारतात. पहिलं गाणं मोटर चालू करताना होतं तसं — आधी घरघर, मग एकदम पाणी. दुसरं मला आवडायचं नाही, नुसतं रडगाणं, मी पिन उचलून पुढे ठेवायची. एक होतं त्यात गाणंच नाही, नुसती तार आणि ढोल, बराच वेळ. त्यावर मी भाकरी थापल्या आहेत. हाताला बरं वळण यायचं.

पण माझं खरं गाणं दुसऱ्या बाजूला शेवटी होतं. त्यात मध्येच ढोलवाला चुकतो. चुकतोच — मला ताल कळत नाही, पण चूक कळते. एक ठोका आधी पडतो. आणि कोणी थांबत नाही. बाकीचे त्याच्या मागे धावतात, त्याला गाठतात, आणि मग सगळे मिळून असे सुटतात, की मी चुलीपुढून उठून उभी राहायची. आमच्या घरात कोणी चुकलं तर चार दिवस त्याचाच पाढा. इथे चूक झाली, ती तशीच ठेवली, वर विकली. त्या एका ठोक्यासाठी मी सगळी बाजू ऐकायची.

रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर चार पोरं होती, उसाच्या तुऱ्यासारखे केस वाढवलेली, मागे पडीक रान. त्यांचं नाव मला वाचता आलं नाही. मालनला आलं असतं. मी विचारलं नाही.

का विचारलं नाही? आता त्याकडेच येते.

सेल संपले की गाणारा दारू प्यायल्यासारखा जड बोलायला लागायचा. त्या दिवशी ते माझ्या गाण्याच्या आधीच झालं. घरात मी एकटी. भिंतीला बॅटरी टांगलेली होती, रात्री पाणी धरायला जाताना न्यायची. तिच्यात तीन नवे सेल होते, गावच्या दुकानातले, लाल. मशीनमधले निळे, कॅन्टीनचे. मी तीन निळे काढले, तीन लाल घातले. निळे बॅटरीत भरले. गाणं ऐकलं. ढोलवाला चुकला, सगळे धावले. मन भरलं.

त्या आठवड्यात मोटरीची लाईट रात्रीची होती, म्हणजे मामंजी — माझे सासरे — रात्री बागेला पाणी द्यायला जाणार, हे मला माहीत होतं. सेल लगेच परत बदलायचे होते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, मग शेजारच्या मळ्यातली बाई ताक मागायला आली, आणि मग सगळे बागेतून परतले. मालन आपल्या खोलीत जाऊन आडवी झाली. मशीन तिच्या उशाशी. आता आत जायचं तर तिच्यासमोर मशीन उघडायला हवं. म्हणजे आक्काही रेकॉर्ड ऐकतात, तीही इंग्रजी, तीही चोरून — हे तिला कळणार. मग हसतील. थोरलीचं घरात जे वजन होतं, ते जाईल. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं, मी खूप शोधलं.

रात्री बॅटरी मीच मामंजींच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबलं. उजेड पडला, हळदीच्या पाण्यासारखा.

"आज डोळंच मंद झाल्यात जनू," ते म्हणाले.

मी "दमानं जावा" म्हणाले. एवढंच.

विहिरीजवळ दगडी पाट होता, त्यावरून वाट. बॅटरी तिथेच विझली. मामंजी पाटावरून खाली दगडांवर पडले. मांडीचं हाड मोडलं. पहाटे मोटर बंद का होत नाही म्हणून मालक — माझा नवरा — बघायला गेले, तेव्हा सापडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घालून त्यांना मिरजेला नेलं. ते जगले. पण बागेत पुन्हा गेले नाहीत. सोप्यातल्या बाजेवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "घड कसं लागल्यात?" विचारायचे.

मालकांनी मिरजेहून आल्यावर बॅटरी उघडली. आत निळे सेल. मालनच्या खोलीत जाऊन मशीन उघडलं. आत तीन लाल. मशीन वाजवणारी घरात ती एकच, बागेतून आल्यावर मशीनजवळही तीच; कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

सासूबाईंनी तिला सोप्यात उभं केलं. "गाण्यापायी सासऱ्याचं तंगडं मोडलंस. नवरा तिकडं बर्फात हुबा, आन् हितं तुझी मैफल!"

"मी नाही हो बदलले," मालन म्हणाली.

"मी नाही हो! मग काय म्हशीनं बदललं?"

मालन रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि थांबली.

तिला माहीत होतं. आपल्या दिवशी तिला रेकॉर्डींच्या चळतीत इंग्रजी वर सापडत असणार. पीठ लागलेली बोटं पुठ्ठ्यावर उठतच असतील. मला तेव्हाच कळलं की हिला कधीपासून माहीत आहे, आणि हिने एकदाही मला चिडवलं नाही. ती मला बोलायला जागा देत होती.

आणि मी बोलले. आता इथे मी गप्प राहिले असं लिहिलं तर सोपं पडेल, निम्मा गुन्हा कमी होईल. पण मी गप्प नव्हते. मी म्हणाले —

"मालन, कबूल कर आता. मानूस हाय, चुकतंय."

शांतपणे म्हणाले. समजुतीच्या आवाजात. सासूबाई म्हणाल्या, "बघ, थोरली कशी बोलती. शीक जरा."

मालनने मान खाली घातली. त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. न बोलणं हाच कबुलीजबाब, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगलीला माहेरी पोचवलं.

चार-पाच दिवसांनी तिचे वडील आले. वखारीच्या कामाचे, पिवळ्या नखांचे. सासूबाईंच्या पायांपाशी त्यांनी टोपी काढून ठेवली. "लेकरू हाय, पदरात घ्या," म्हणाले. सासूबाईंनी पाय मागे घेतले. मग ते माझ्याकडे वळले — "तुमी थोरल्या हाय. तुमीच सांभाळून घ्या तिला." मी त्यांना चहा दिला. चांगला, दुधाचा, वेलदोडा घालून. टोपी उचलून त्यांच्या हातात दिली, आणि ते एस.टी.ला गेले.

सोपानला घरून हे सगळं कळवलं. तो पुढच्या सुट्टीला आला, बापाचा पाय बघितला आणि सांगलीला गेलाच नाही. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही नाही. तोवर मालन माहेरी भावजयांच्या हाताखाली राहिली. नवऱ्याने टाकलेली म्हणून. नंतर त्याला बायकोपोरं न्यायला मिळतील अशी जागा मिळाली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी समजूत घातली आणि त्याने तिला नेलं. पेन्शनवर आल्यावर सांगलीतच घर केलं. मळ्यातल्या घराचा उंबरा मालनने पुन्हा ओलांडला नाही. मामंजी गेले तेव्हासुद्धा बाहेर गोठ्याजवळ बायकांत बसली.

तुम्ही विचाराल, ती गेल्यावर रेकॉर्ड ऐकली का? ऐकली. तिची खोली झाडायला मीच जायची. मालक आणि सासूबाई मिरजेला होते, तिला जाऊन आठवडाही झाला नव्हता. मला वाटलं होतं, आता काही ती आवडणार नाही. ढोलवाला चुकला, बाकीचे धावले, आणि मला पहिल्याइतकंच बरं वाटलं. मन खाईल असं लोक म्हणतात. माझं तेव्हा खाल्लं नाही. खोटं कशाला लिहू?

पुढे सोपान वेगळा झाला, तेव्हा मशीन आणि रेकॉर्डी त्याच्या सामानात गेल्या. मी मागितल्या नाहीत. कोणत्या तोंडाने मागणार होते? मालनच्या लेकीला मी एकदा सहज म्हणून त्या रेकॉर्डचं विचारलं, तर तिने घरातल्या पुठ्ठ्यावरचं नाव वाचून फोनवर शोधून सांगितलं की त्या पोरांनी तेवढी एकच रेकॉर्ड काढली, तीही खपली नाही. "तुम्हाला कशी माहीत, काकू?" तिने विचारलं. "तुझ्या बापानं आणलेली," म्हटलं.

मालक गेले, सासूबाई गेल्या. मागच्या वर्षी सोपानचं दुखणं वाढलं. मी सांगलीला दवाखान्यात भेटायला गेले. मालन तिथेच होती, खाटेच्या पलीकडे मोसंबी सोलत. सोपान बराच वेळ जुनं बोलत होता — बाग, दुष्काळ, आण्णांचा पाय. आण्णा म्हणजे मामंजी. मग बायकोकडे बोट करून म्हणाला,

"वैनी, हिच्या हातनं जल्मात येकच चूक झाली. म्या कवाच माफ केलं तिला. तिला म्हनलं न्हाई कदी, पर केलं."

एवढी वर्षं हा माणूस तिच्याबरोबर राहिला, चार भिंतींत, रोज — आणि तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. तिने मोसंबी सोलायची थांबवली आणि वर पाहिलं. माझ्याकडे. तसंच.

खोलीत आम्ही तिघंच होतो. दार लोटलेलं होतं. तो शुद्धीवर होता, त्याला ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "बरं केलंत, भावजी."

मालनने एक फोड त्याच्या तोंडात घातली. दुसरी माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. पंधरा दिवसांत तो गेला.