सातव्या नंबरची लक्षवेधी

हिवाळ्यात आमच्या घरावर दोन वेळापत्रकांचं राज्य असतं. एक शेतातल्या विजेचं. हप्त्यातले काही दिवस वीज दिवसा, काही दिवस रात्री, आणि हरभऱ्याला पाणी लागतं नेमकं तेव्हाच पाळी रात्रीची येते. दुसरं वेळापत्रक नागपूरच्या विधानभवनातलं, हिवाळी अधिवेशनाचं. त्याचा आपल्याशी काही संबंध असेल, असं लग्न होऊन अल्लीपुरात आल्यापासून मला कधी वाटलं नव्हतं. आता मला झोपेतून उठवून विचारा. प्रश्नोत्तरं आधी की लक्षवेधी, विधेयकं कधी, सारं घडाघडा सांगेन.

आमचं शेत नाल्यापलीकडे आहे. रात्रीची वीज असली की आमचे हे जेवण करून बॅटरी आणि काठी घेऊन निघायचे. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या शेतातल्या भाऊजींना रात्री ओलीत करताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, रानडुकरानं उडवलं. माणूस वाचला, पण अजून लंगडतो. तेव्हापासून सासूबाईंनी मागच्या दाराची कडी लावणं सोडलं. लेक शेतात असेपर्यंत दार नुसतं लोटलेलं. थंडीनं घर गारठायचं, मांजर आत यायची, दूध सांडायची. मी चिडायची. त्या म्हणायच्या, "त्याले धावत या लागलं तं कडी वाजवत बसन का तो?"

माझा मावसभाऊ बोरगाव मेघेला राहतो आणि आमच्या भागातल्या आमदारांचा पीए आहे. त्याच्या मागे लागून लागून मी आमच्या फिडरचं, म्हणजे आमच्या शेतांना वीज देणाऱ्या लाइनच्या रात्रपाळीचं, प्रकरण आमदारांच्या कानावर घातलं होतं. अधिवेशन सुरू झालं आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, आपली लक्षवेधी लागली!"

मी आमच्या किराणा दुकानात होते. गिऱ्हाईकाला साखर तोलता तोलता हातातला डाव वर उचलून मी ओरडलेच, "म्हणजे दिवसा वीज भेटली?"

"नाई व ताई. म्हणजे आपला विषय सभागृहात घ्याले अध्यक्षांनी मंजुरी देल्ली. आता कामकाजपत्रिकेवर नंबर लागन, नंबर आला का आमदारसाहेब उठतीन, मंत्री उत्तर देतीन. तोंडानं. सभागृहात तोंडानं कबूल केलं का मंग त्यायले मागं फिरता येत नाई लवकर."

तिथून माझी शाळा सुरू झाली. अधिवेशन किती दिवस चालायचं, कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा, हे एक समिती बसून ठरवते. तिच्यात सरकारचे लोक असतात आणि विरोधकही असतात. बाहेर एकमेकांची उणीदुणी काढणारी ही माणसं आत बसून वेळ वाटून घेतात, हे ऐकून मला फार मौज वाटली. आमच्याकडे एका नळावर दोन जावांचं असंच चालतं. उद्याची पत्रिका आदल्या संध्याकाळी निघते. आधी प्रश्नोत्तरं, मग कागदपत्रं पटलावर ठेवायची, मग लक्षवेधी सूचना, मग विधेयकं. मध्येच पुरवणी मागण्या असतात. सासूबाई किराण्याची यादी संपल्यावर "आन् थोडी खसखस" म्हणतात, तसंच ते, फक्त रकमा मोठ्या.

रोज संध्याकाळी भावाचा फोन यायचा. आज नाही. उद्या नाही. आणि मग एकदाची लागली, चौथी. दुसऱ्या दिवशी दुकानात मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावून मी देव पाण्यात घालून बसले. पहिली लक्षवेधी झाली, दुसरी सुरू झाली आणि कशावरून तरी गोंधळ उठला. दोन्हीकडची माणसं उठून उभी. अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तहकूब. शेवटी पुढच्या साऱ्या सूचना राखून ठेवल्या आणि विधेयकं घेतली. रागानं मी मोबाइल गव्हाच्या पोत्यावर आपटला. त्या रात्री हे नेहमीसारखे बॅटरी घेऊन निघाले आणि मी त्यांच्यावरच खेकसले, जसं काही सभागृह त्यांनीच बंद पाडलं होतं.

"पिकाले का समजते अध्यक्ष आन् बिध्यक्ष?" एवढंच म्हणून ते गेले.

राखून ठेवलेली सूचना मेलेली नसते, हे भावानं मला समजावलं. अधिवेशनाच्या शेवटी शेवटी अशा उरलेल्या सूचनांसाठी सकाळी लवकर वेगळी बैठक घेतात. त्या बैठकीत आमची सूचना सातवी लागली. आणि भावानं त्यात भर घातली, "गॅलरीचे पास भेटून राह्यले. येता का?"

येता का! मी दुकानाला कुलूप लावायच्या आधी सासूबाईंनी पातळ काढून ठेवलं होतं.

आता गावाला ही बातमी कळली आणि बैठकच बसली. आपल्याकडे कुणी आपलं काम करत असेल तर रिकाम्या हातानं जायची पद्धत नाही. ठरलं, की विधानभवनाच्या फाटकावर आमदारांचा सत्कार करायचा. शाल, नारळ, हार आणि शेतातल्या ओल्या हरभऱ्याची मोठी पेंडी. मी म्हटलं, "अवो, बाजारात तुरी आन् भट भटणीले मारी! आधी काम तं होऊ द्या." त्यावर गावातले एक वडीलधारे म्हणाले, "सूनबाई, सातवा नंबर हाये. एकेकाले अर्धा घंटा लागते. तवरिक सत्कार होऊन चहाबी होते." माणसं पाळीच्या हिशेबात वाढलेली. पहिल्याचं शेत भिजल्याशिवाय दुसऱ्याला पाणी सुटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. सभागृहालाही त्यांनी तोच हिशेब लावला आणि आमचे हेही त्यांच्यात सामील झाले.

अंधारातच भाड्याची क्रूझर गाडी निघाली. पवनारच्या पुलावर धुकं एवढं दाट होतं की धाम नदी दिसलीच नाही. सासूबाईंनी नुसत्या अंदाजानं हात जोडले. हरभऱ्याची पेंडी माझ्या पायाशी होती आणि गाडीभर तिचा आंबूस वास भरला होता.

नागपूरला फाटकावर भावानं सासूबाईंना आणि मला घाईनं आत नेलं. पास दोनच होते; बाकीचे हार-नारळ घेऊन फाटकावरच आमदारांची वाट बघत थांबले. मोबाइल बाहेर ठेवून घेतला, पिशवी ठेवून घेतली, सासूबाईंच्या कमरेची पानाची चंचीसुद्धा ठेवून घेतली. गॅलरीत बसवताना सांगितलं, बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, उठायचं नाही. खाली बाकं बरीचशी रिकामी होती. एवढ्या सकाळी कोण येतो! मी रांगांवरून नजर फिरवली. आमचे आमदार कुठेच दिसेनात. म्हटलं, येतील, सातवा नंबर आहे.

पहिली सूचना पुकारली. मंत्री हजर नाहीत. राखून ठेवली. दुसरी पुकारली, उत्तर आलेलं नाही, राखून ठेवली. तिसरी झाली, पण दोन प्रश्नांतच आटोपली. चौथी, मंत्री नाहीत. गाडी मधली स्टेशनं सोडत आमच्या स्टेशनाकडे धावत येत होती आणि आमचा माणूस फाटकावर गळ्यात हार घालून घेत होता! मला दिसतच होतं सारं. आधी नारळ, मग शाल, मग कुणीतरी दोन शब्द बोलणार, मग फोटो, मग फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा फोटो.

पाचवी सूचना विचारणारे सदस्यच नव्हते. पुकारा झाला, कुणी उठलं नाही, अध्यक्षांच्या खुर्चीवरच्यांनी पान उलटलं आणि पुढची घेतली. एवढंच. ती सूचना संपली. आमचीही अशीच जाणार. ओरडावं, धावत खाली जावं, काहीही करावं असं वाटत होतं आणि मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. सासूबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता. त्यांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली.

सहावी संपली. सातवी पुकारली. आमदारांचं नाव घेतलं.

कुणी उठलं नाही.

पान उलटायला हात गेला, मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. विरोधी पक्षाच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या. सूचनेवर आमच्या आमदारांच्या नावाखाली आणखी नावं होती, त्यांत त्यांचंही एक होतं. हे भावानं मला कधी सांगितलंच नव्हतं. "अध्यक्ष महोदय, मी मांडते," म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मंत्री हजर होते. त्यांनी लिहून आणलेलं सांगितलं, की योजना सुरू आहे, टप्प्याटप्प्यानं सर्वांना दिवसा वीज मिळेल. बाई बसल्याच नाहीत. "टप्पे मला नकोत. या फिडरवर हरभरा आज तहानलेला आहे. माणसं आज रात्री जाणार आहेत. वेळापत्रक बदलायला योजना लागत नाही, आदेश लागतो. कधी काढता?" खुर्चीवरूनही मंत्र्यांना विचारणा झाली. मंत्र्यांनी मागे वळून अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं, तिथून एक चिठ्ठी आली, त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत या फिडरला दिवसाच वीज देऊ. अधिवेशन संपायच्या आत आदेश निघेल."

मी सासूबाईंच्या कानात पुटपुटले, "झालं." त्यांनी टाळी वाजवायला हात वर नेले आणि शिपायाकडे बघून ते तसेच जोडले. आम्ही दोघी रडत होतो आणि हसतही होतो, आवाज न करता.

आणि तेव्हा दारातून आमचे आमदार धावत आत आले. वरातीमागून घोडं! हार बाहेर काढून ठेवला होता, पण कपाळावर हा एवढा मोठा टिळा आणि केसांत झेंडूच्या पाकळ्या. धापा टाकत जागेवर उभे राहिले, परिस्थिती ओळखली, आणि चटकन म्हणाले, "मंत्रीमहोदयांचे मी आभार मानतो." सभागृह हसलं. त्या बाईही हसल्या. मीही त्यांना माफ करून टाकलं.

फाटकावर चहा सुरू होता. हे मला बघून म्हणाले, "अवं, बाहेर काऊन आली? सातवा नंबर यायचा हाये ना अजून?"

"आला, गेला, आन् मंजूरबी झाला. तुमी चहा प्या."

कुणाचा विश्वास बसेना. आमदारांनी बाहेर येऊन सांगितल्यावर बसला. मग हरभऱ्याची उरलेली अर्धी पेंडी मी भावाच्या हाती दिली आणि सांगितलं, ही त्या मागच्या बाकावरच्या बाईंना नेऊन दे. "त्या विरोधातल्या हायेत ताई," तो कुजबुजला. मी म्हटलं, "मंग काय झालं? हरभरा आमच्या शेतातला हाये."

आदेश निघाला. अधिवेशन संपायच्या आतच निघाला. पहिल्या दिवशी हे उन्हात ओलीत करून आले आणि गाईंच्या मागोमाग घरी पोचले. संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र जेवायला बसलो. असं हिवाळ्यात कधी झालं होतं, मला आठवेना. मध्येच सासूबाई सवयीनं उठल्या, मागच्या दाराशी गेल्या. मी मुद्दाम लावलेली कडी त्यांनी काढली, दार नुसतं लोटलं आणि वळल्या. वळल्या तर समोर लेक भाकरी मोडत बसलेला.

त्या हसल्या.

"मी तरी कोनासाठी उघडं ठेवून राह्यली?" म्हणाल्या, आणि कडी लावून जेवायला आल्या.